टॉवरपाशी साचलेल्या विहिरी

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी अकरा वाजता जिल्ह्यावरून उडायचे. उडायचे म्हणजे खुर्चीत बसूनच. क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस होतं. खाली रिक्षांचे हॉर्न, वर पंख्याची घरघर, आणि मधे मी, पडद्यावर नकाशा उघडून बसलेली. माउसचं चाक फिरवलं की जमीन हळूहळू जवळ यायची. आधी दौलताबादचा किल्ला, ताटात उपडी ठेवलेल्या वाटीएवढा. मग शहर, दर महिन्याला थोडं थोडं पसरत चाललेलं. मग पैठणचा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना शेतांचे तुकडे, बांध, मधेच एखादी विहीर, वरून बटणासारखी काळी.

नकाशाच्या तळाशी उपग्रहाचं जे छायाचित्र होतं ते शहरापुरतं दर महिन्याला नवं यायचं, बाकी जिल्ह्याचं मात्र तीन वर्षांपूर्वीचं, एका चांगल्या पावसाळ्यानंतरचं. त्यामुळे माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार असायचं. खिडकीबाहेर लागोपाठचा दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. आमच्या इमारतीत आठव्या दिवशी नळाला पाणी यायचं आणि त्या दिवशी निम्मं ऑफिस उशिरा यायचं. मी मात्र हिरव्यावर तरंगत असायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. दुपारी तर कधी कधी कामच नसताना मी नकाशा उघडायचे आणि गोदावरीच्या काठाकाठानं नुसतीच जात राहायचे, कुठं उतरायचं ते न ठरवता.

काम टँकरच्या नकाशाचं होतं. गावागावांना, वस्त्यावस्त्यांना टँकरनं पाणी जात होतं. टँकर वस्तीच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि लोक तिथून पाणी ओढायचे. कुणाला टँकर मंजूर आहे, आजची खेप पोचली की नाही, हे सगळं एका नजरेत दिसावं म्हणून सरकारी कचेरीनं आमच्या ऑफिसकडून नकाशा करून घेतला होता. वस्तीवरच्या अंगणवाडीच्या बाईंनी किंवा ग्रामसेवकानं मोबाइलवर रोज एक फॉर्म भरायचा. पाणी आलं का, किती आलं, किती घरांना पुरलं. फॉर्म पाठवला की नकाशावर ठिपका पडायचा. वस्तीचा सगळ्यात पहिला ठिपका जिथं पडला, ती तिची टँकरची जागा. टँकरवरही एक यंत्र बसवलेलं होतं. टँकर त्या जागेपासून शंभर पावलांच्या आत आला तरच खेप धरायची, नाहीतर नाही. वाटेत कुणी पाणी दुसरीकडं वळवू नये म्हणून हा बंदोबस्त. फॉर्म मी तयार केला होता, नकाशा मी मांडला होता, नियमही मीच बसवला होता. मला त्याचा केवढा तोरा होता ते तेव्हाच्या माझ्या मैत्रिणींना विचारावं.

आमच्या घराण्यात नकाशे बसून काढायची परंपरा आहे. आजोबा निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून होते, वडील मोजणी खात्यात कारकून. दुसऱ्यांनी उन्हात मोजलेल्या जमिनी वडिलांनी जन्मभर सावलीत बसून सुबक अक्षरात उतरवल्या. त्यातल्या एकाही शेताच्या बांधावर त्यांनी पाय ठेवला नाही. मी त्यांची खरी वारस. दौतीच्या जागी कीबोर्ड आला, एवढाच काय तो फरक.

नकाशा ज्याच्या जिवावर चालायचा तो सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीतली एक काळी पेटी. तिच्यातलं सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं. जगभरातल्या एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी मिळून ते लिहिलेलं, आणि कुणीही उघडून आत डोकवावं असं. फुकटच्या गोष्टीत हातानं करायचं फार असतं. एका लांबलचक फाइलीत आपणच लिहायचं की रस्ता किती जाड, तलाव कुठल्या निळ्याचा, गावाचं नाव किती मोठ्या अक्षरात, एखादा तुकडा काढायला किती वेळ द्यायचा. एक कंस मिटायचा राहिला तर अख्खा जिल्हा गायब. सर्व्हर नकाशा सलग काढत नाही. चौकोन चौकोन काढून पडद्यावर लावत जातो. सकाळी ऑफिसात आल्यावर ते चौकोन एकामागून एक उजळताना मी बघत राहायचे, चहा निवून जायचा.

मार्च सरता सरता बिडकीनच्या बाजूचा एक चौकोन उजळेना. बाजूचे सगळे भरून यायचे, तो तेवढा पांढराफटक राहायचा. कधी अर्ध्या मिनिटानं यायचा, कधी यायचाच नाही. टँकरचं काम बघणारे साहेब रोज सकाळच्या बैठकीत हा नकाशा भिंतीवर दाखवत. साहेब शांत स्वभावाचे, कधी आवाज चढवायचे नाहीत, पण टोमणा मारायला चुकायचे नाहीत. एके दिवशी त्यांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, बिडकीनला बर्फ पडलाय का, मॅडम?

मी तापट आहे. घरचे म्हणतात आणि दारचेही म्हणतात, त्यामुळे खरंच असावं. तो चौकोन मी मनाला लावून घेतला. सर्व्हरला जास्त मेमरी दिली. सगळ्या नोंदींची नवी सूची बांधली, म्हणजे त्याला हवं ते पटकन सापडावं. आधी काढून साठवलेले चौकोन पुसले आणि पुन्हा भरून घेतले. पेटी तापते म्हणून तिच्या खोलीत एक कूलर ठेवलेला होता, पण त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं. मी दोन पंखे आणून पेटीपुढं लावले. प्रत्येक उपायानं नकाशा थोडा सुधारला. बाकीचा जिल्हा भराभर उघडायला लागला, तो एक चौकोन सोडून. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असं वडील जेवताना म्हणाले. त्यांना नकाशातलं काही कळत नव्हतं, म्हण तेवढी पाठ होती.

त्याच दिवसांत ते फोन सुरू झाले. नकाशाच्या कोपऱ्यात ‘फॉर्म भरताना अडचण आल्यास’ असं लिहून खाली माझा नंबर छापला होता. फोन करणाऱ्या बाई बिडकीनच्या पलीकडच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवायच्या. तेवीस घरांची वस्ती. बाईंना फॉर्म भरताना काहीच अडचण येत नव्हती.

"मॅडम, टँकर वस्तीवर येतच नाय," त्या म्हणाल्या. "तिकडं नव्या रोडाच्या टावरपाशी खाली करून जातंय."

मी त्यांना सांगितलं, हा नंबर फॉर्मसाठी आहे, पाण्यासाठी तहसीलला विचारा. त्या म्हणाल्या, विचारलं. तिथले लोक म्हणतात की नकाशात तर टँकर पोचलेलं दिसतंय. मी समोर उघडलेला नकाशा पाहिला. बिडकीनचा चौकोन पांढरा होता, पण खेपांची यादी वेगळी उघडायची. ती फॉर्मवरून नाही, टँकरवरच्या यंत्रावरून आपोआप भरायची, आणि तिच्यात त्यांच्या वस्तीपुढं रोज हिरवी खूण होती. दिसतंय खरं पोचलेलं, असं मीही त्यांना सांगितलं, आणि जरा कडक आवाजातच सांगितलं.

बाई चिकट होत्या. दोन-तीन दिवसांआड त्यांचा फोन ठरलेला. त्यांच्याकडून मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. टॉवर वस्तीपासून दीड कोस. तिथं कुणी तरी काळी प्लास्टिकची टाकी आणून ठेवली आहे, टँकर तिच्यात रिकामा होतो. सकाळ झाली की बायका लेकरांसकट हंडे घेऊन निघतात आणि ऊन डोक्यावर आलं की परततात. अंगणवाडीत खिचडी शिजवायला पाणी नाही आणि पाणी मिळालं तर खायला मूल नाही. माणसं कामाला जायची तर पाणी कुणी आणायचं, आणि पाण्याला जायचं तर कामाला कुणी जायचं, यावर घराघरात भांडणं होत होती. शहरात बांधकामं जोरात होती, तिकडं जाऊन राहावं असं लोक बोलू लागले होते.

"आठ-पंधरा दिसांत टँकर हिरीवर आलं नाय तर वस्ती उठंल, मॅडम," बाई म्हणाल्या.

मी ‘बरं, बरं’ म्हणाले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात दोन कप्पे होते. पांढरा चौकोन माझा आणि पाणी दुसऱ्या कुणाचं. फोन ठेवून मी पुन्हा चौकोनाकडं वळायचे.

शेवटी एका दुपारी मी सर्व्हरची रोजनिशी वाचायला घेतली. दिवसभरात काय काय केलं, कुठं किती वेळ गेला, हे तो एका फाइलीत ओळीओळीनं लिहून ठेवत असतो. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं, चौकातली वर्दळही पेंगल्यासारखी. मी ओळींमागून ओळी वाचत गेले आणि मला जवळजवळ गुंगीच आली. इतर चौकोनांना डोळ्याची पापणी लवावी तेवढा वेळ. हा आला की सर्व्हर अडायचा. कुठं अडायचा तेही लिहिलेलं होतं, नावं लिहिताना. एका नावावर दुसरं नाव चढू नये म्हणून सर्व्हर प्रत्येक नाव जरा इकडं, जरा तिकडं सरकवून बघतो. त्या चौकोनात एकाच बिंदूवर हजारावर ठिपके एकमेकांवर चढून बसले होते. आठ वेगवेगळ्या वस्त्यांच्या रोजच्या नोंदी, सगळ्या एका जागी. बिचारा सर्व्हर हजार नावांना जागा शोधत बसायचा, दिलेला वेळ संपायचा आणि तो कोरा चौकोन हातात ठेवायचा.

आठ वस्त्या एका जागी कशा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला राग आला. लोक कसे हलगर्जी असतात, कुठं तरी सावलीत टोळक्यानं बसून फॉर्म भरतात, असं मी शेजारच्या टेबलाला ऐकवलं. मग फाइलीत चार ओळी लिहिल्या. अगदी जवळजवळचे ठिपके असतील तर त्यांचा एकच ठिपका कर आणि नाव एकदाच लिही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. बिडकीनचा चौकोन क्षणात उजळला. त्यात नवा रुंद रस्ता होता, हिरवी शेतं होती आणि मधोमध एक टपोरा ठिपका.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीनंतर साहेबांचा फोन आला. नकाशा एकदम मख्खन चालतोय म्हणाले. ऑफिसात पेढे आले. घरी वडिलांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं की सबंध जिल्ह्याचा नकाशा आमच्या मुलीनं सुरळीत केला. त्यानंतरचे अकरा दिवस माझे फार सुखात गेले. मी मनसोक्त उडत होते. बाईंचा फोन त्या दिवसांत आला नाही, आणि तो आला नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बाराव्या दिवशी आला. आवाज थकलेला होता. त्या पाण्याबद्दल बोलल्याच नाहीत. फॉर्ममध्ये घरांचा आकडा कमी करायचा आहे, तो कसा करायचा, एवढंच त्यांनी विचारलं. ही खरोखर फॉर्मची अडचण होती. मी सांगितलं, आहे तोच फॉर्म उघडा, आकडा बदला आणि पाठवा. त्या म्हणाल्या, बदलला, आता पाठवते, टॉवरपाशीच उभी आहे. मी सहज विचारलं, टॉवरपाशी कशाला?

"वस्तीवर रेंज कुठंय, मॅडम? फारम घरी भरायचा अन् हितं येऊन धाडायचा. सगळ्याच वस्त्यांच्या बाया हितंच येतेत."

 पंख्याचा आवाज मोठा मोठा होत गेला. फॉर्म तयार केला तेव्हाचा एक दिवस डोळ्यापुढं आला. जागा कधी टिपायची, फॉर्म भरताना की पाठवताना, हे मला ठरवायचं होतं. भरताना टिपायची तर फोन दोन-तीन मिनिटं लावायचा आणि लोक कंटाळून बाहेर पडायचे. पाठवताना चटकन व्हायचं. मग मी खाली क्रांती चौकात गेले होते, रसवंतीपुढं उभी राहून फॉर्म भरला होता आणि तिथंच पाठवला होता. वर येऊन पाहिलं तर ठिपका बरोब्बर क्रांती चौकात. मला वाटलं, झालं काम. भरायची जागा आणि पाठवायची जागा यांच्यामध्ये दीड कोस असू शकतो, हे चौकात उभ्या असलेल्या माणसाला कसं सुचणार? निदान मला सुचलं नव्हतं.

म्हणजे माझ्या नकाशावर माणसं जिथं राहत होती तिथं नव्हतीच. जिथं उभं राहून त्यांचं बोलणं बाहेर जात होतं तिथं ती होती. आठही वस्त्यांच्या विहिरी मी उचलून एका टॉवरच्या बुडाशी नेऊन ठेवल्या होत्या. टँकर इमानदारीनं तिथं जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर स्कूटी काढली आणि पैठण रस्त्यानं निघाले. चितेगाव गेलं, बिडकीन गेलं, आणि मग तो नवा रस्ता आला. कारखाने यायचे होते, त्यांच्याआधी रस्ता येऊन बसला होता. सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद, आणि त्यावर मी एकटी. दोन्ही बाजूंना विजेचे खांब पार क्षितिजापर्यंत ओळीनं. हा रस्ता मी वरून इतक्या वेळा पाहिला होता की आपण अजून खुर्चीतच आहोत असं वाटत राहिलं. फक्त हिरवं कुठंच नव्हतं. जमीन काळी, भेगाळलेली, आणि वर धुरकट आभाळ.

टॉवरखाली टाकी होती, टाकीभोवती हंड्यांची रांग, आणि रांगेच्या कडेला, फोनवर ठरल्याप्रमाणे, पिशवीत रजिस्टर घेऊन बाई उभ्या होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. टँकर रिकामा होत होता. मी ड्रायव्हरला विचारलं, पाणी वस्तीवर का नेत नाही? तो वैतागला होता, पण बोलला सरळ.

"मैडम, मेरे को शौक है क्या इधर खाली करने का? बिंदी को हात लगाए बगैर खेप गिनती में नै आती. बिंदी लगाके फिर कच्चे रस्ते से वस्ती को गया तो दुसरी वस्ती की खेप चुकती. बिंदी इधर कौन रखा, उसको पूछो."

मी बाईंबरोबर चालायला लागले. अर्ध्या वाटेत फोनवरच्या रेंजच्या काड्या एक एक करून गेल्या. वाटेत एक शेत लागलं, एका टोकाला निमुळतं, मासोळीसारखं. ते मी ओळखलं. पडद्यावर ते पोपटी हिरवं होतं आणि माझं आवडतं होतं. कुणाचं आहे, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, त्यांच्या दिराचं. दीर कुठं आहेत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, गेले.

वस्ती एका ओढ्याच्या काठाला होती. पत्र्याची घरं, पत्र्यांवर दगड ठेवलेले. दारांना कुलपं होती आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून कुलपांपुढं बाभळीच्या काट्या रचलेल्या. मी मोजत गेले. चौदा दारांपुढं काट्या होत्या. एवढी शांतता मी दिवसाउजेडी कधी ऐकली नव्हती. एका अंगणात कपडे वाळत घालायची दोरी तेवढी हलत होती आणि मला क्षणभर वाटलं की हे सगळं अजून पुरतं उघडलेलंच नाही, थोडं थांबलं तर माणसं येतील.

अंगणवाडीच्या खोलीत बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. एकोणीस मुलांची नावं, पुढं हजेरी. महिन्याच्या सुरुवातीला जवळजवळ सगळी हजर. मग आडव्या रेघा वाढत गेलेल्या. एका तारखेपासून एकदम सहा मुलांपुढं रेघ होती. पाच घरं एकाच दिवशी गेली, बाई म्हणाल्या, एकाच टेम्पोत. मी तारीख पाहिली. आमच्या ऑफिसात पेढे आले त्याच्या चौथ्या दिवसाची होती.

मला लाज वाटली.  मी बाईंना सांगून टाकलं की टँकरची जागा टॉवरपाशी ठेवणारी मीच. फॉर्म मी केला, चूक माझी आहे.  मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"तुमी व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग चला, हिरीकडं. आता हितं ठिवा."

विहीर ओढ्याच्या पलीकडं होती. खोल, दगडानं बांधलेली, तळाला ओल सुद्धा नाही. टँकर आला तर हिच्यातच रिकामा व्हायचा होता. मी काठावर उभी राहिले. रेंज नसली तरी फोनला आपली जागा कळते, फक्त ती कुणाला सांगता येत नाही. पडद्यावर आकडे आले ते मी बाईंच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर उतरवून घेतले, त्यांच्याकडूनच दोनदा वाचून घेतले आणि पान फाडून घेतलं. आमच्या घराण्यात कुणी तरी पहिल्यांदा बांधावर पाय ठेवला होता, आणि तोही उशिरा.

परत आल्यावर आधी साहेबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक कुणाची, असं विचारलं. माझी, असं मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर बघू. पुढचे दोन दिवस मी तेच केलं. उरलेल्या सात वस्त्यांवर माणसं पाठवून आकडे मागवले, एक एक जागा हातानं टाकली, आणि फॉर्ममध्ये असा बदल केला की जागा भरतानाच टिपली जाईल, लागायची तेवढी मिनिटं लागू देत. ठिपके एकत्र करणाऱ्या त्या चार ओळी पुसून टाकल्या. त्यांची गरजच उरली नव्हती. विहिरी आपापल्या ठिकाणी गेल्या होत्या, नावांना ऐसपैस जागा झाली होती आणि नकाशा इतका हलका चालत होता की मला त्याचं काही वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"टँकर आलं हिरीवर," त्या म्हणाल्या. "आज सकाळच्यालाच."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. पाणी किती आलं, सगळ्यांना पुरलं का, असं एका दमात विचारलं.

"पुरलं की. हिरीत लई उरलंय. नऊच घरं हायेत, किती वढतील?"

मग मी घाईनं त्यांना म्हणाले की गेलेल्यांना निरोप पाठवा, टँकर आता विहिरीवर येतं म्हणून सांगा, ते परत येतील. फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणजे त्या टॉवरपाशी होत्या. एवढं सांगायला दीड कोस उन्हात चालत आल्या होत्या.

"धाडला असता, ताई," त्या म्हणाल्या. "कुणी शेरात हाय म्हणतेत, कुणी कुठल्या बिल्डिंगीच्या कामावर. फोन लागंना कुणाचा. तुमच्या नकाशात दिसतेत का, तेवढं बघा की."

मी ‘थांबा, बघते’ म्हणाले. आणि खरंच बघितलं. नकाशा उघडला, शहराच्या कडेकडेनं गेले, जिथं नवी बांधकामं चालली होती तिथं तिथं खाली उतरले. करड्या चौकटी, मातीचे ढीग, पत्र्याच्या शेडच्या ओळी. चौकोनामागून चौकोन झरझर उघडत होते, एकही अडत नव्हता. त्या वाट बघत होत्या, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"नाही दिसत, बाई," मी म्हणाले.

त्या "बरं" म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले.